इंग्लंडमध्ये डेफ्राची, म्हणजे सरकारच्या पर्यावरण खात्याची, मान्यता असलेला लाकडाचा स्टोव्ह बसवला, की धुराची चिंता मिटते का?

नाही मिटत. स्टोव्ह यादीतला असो नाहीतर लाखाचा, लाकूड ओलं असेल तर धूर होणारच.

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. इथे अख्खं शहर धूर-नियंत्रण क्षेत्रात येतं. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळायला मनाई, डेफ्राच्या यादीतला स्टोव्हच लागतो. आमचा तसाच आहे. एका हिवाळ्यात धाकटे दीर आमच्याकडे राहायला होते. कुणाच्या तरी बागेत पाडलेल्या ओकचे ओंडके त्यांनी फुकट आणले, गॅरेजमध्ये प्लास्टिकखाली रचले आणि लगेच जाळायला घेतले. निखारे सकाळपर्यंत टिकावेत म्हणून झोपताना हवेची झडप पूर्ण बंद. मी म्हटलं, "भाऊजी, लाकूड ओलं आहे." तर म्हणाले, "वहिनी, गावाला बंबात काय आपण लाकडं तपासून घालायचो?"

अहो, गावाला बंब मागच्या अंगणात पेटायचा. इथे आमचं धुराडं शेजारणीच्या बाळाच्या खिडकीपासून चार हातांवर. ती बिचारी दोनदा दार वाजवून गेली. स्टोव्हची काच काळीठिक्कर, धुराड्यात चिकट डांबर. शेवटी मी एक ओंडका कुऱ्हाडीने उभा फोडला. ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया आधी सालीकडून टोचल्या: 17 टक्के. मग ताज्या फोडीच्या आतल्या अंगाला: 34. आकडा बघून भाऊजी म्हणाले, यंत्र बिघडलं असेल. अजूनही तेच म्हणतात.

बिघडलेलं नव्हतं. ओल्या लाकडातलं पाणी उकळण्यातच उष्णता जाते, जाळ थंड पडतो आणि लाकडातून सुटणारा वायू न जळताच धूर होऊन वर जातो. झडप बंद केली की त्याला जळायला हवाच उरत नाही. डेफ्राच्या यादीतल्या बऱ्याच स्टोव्हची झडप मुद्दामच पूर्ण बंद होत नाही. आमचा जुना, त्याला ती सोय नाही.

मे 2021 पासून इंग्लंडमध्ये 2 घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर ओलावा 20 टक्क्यांच्या आत लागतो. पिशवीवर 'रेडी टू बर्न'चा शिक्का बघा. फुकटच्या ओंडक्यांना असा शिक्का नसतो, ते तुम्हीच फोडून मोजायचे. ओक फोडून, वरून झाकून, बाजू उघड्या ठेवून दोन वर्षं तरी सुकू द्या. धूर-नियंत्रण क्षेत्रात धुराड्यातून भरपूर धूर निघाला, तर कौन्सिल 175 ते 300 पाउंड दंड लावू शकते. नवीन स्टोव्ह घेणार असाल तर 1 जानेवारी 2022 पासूनचे इकोडिझाइनचे, म्हणजे स्टोव्हच्या प्रदूषणावर मर्यादा घालणारे, निकष पाळणाराच घ्या.

एक मात्र आहे. कोरडं लाकूड आणि उत्तम स्टोव्ह असला तरी गॅस बॉयलरच्या कितीतरी पट सूक्ष्म कण बाहेर पडतात. घरात कुणाला दमा असेल तर बसवूच नका. स्कॉटलंड-वेल्सचे नियम वेगळे आहेत, तिथे असाल तर कौन्सिलला विचारा.

आणि बसवलाच, तर झडपेला पाहुण्यांचा हात लागू देऊ नका. सख्खा दीर असला तरी.