आधी किती आहे, ते मोज

प्रिय,

काचेतल्या पेशींवर ‘क’ जीवनसत्त्वाने चमत्कार केला, उंदरांत मात्र काहीच घडलं नाही, मग विषयच बदलू का? असं विचारतेस. मला आधी एवढंच सांग, त्या उंदरांच्या रक्तात मुळात ‘क’ किती होतं? मोजलंस?

उंदीर ते स्वतःच्या यकृतात बनवतो. माणूस आणि गिनिपिग बनवू शकत नाहीत. म्हणूनच १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिश या संशोधकांना गिनिपिगांत स्कर्व्ही, म्हणजे ‘क’च्या अभावाने होणारा रोग, दिसला. तू काठोकाठ भरलेल्या हंड्यात पाणी ओतलंस आणि पातळी चढत नाही म्हणून रडते आहेस.

आणि पेशींचं म्हणशील, तर तू एक मिलिमोलर, म्हणजे हजार मायक्रोमोलर घातलंस. नीट जेवणाऱ्या निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या रक्तात ‘क’ साधारण ७०-८० मायक्रोमोलरला थबकतं. शिवाय पेशी वाढवायच्या माध्यमात त्याचं ऑक्सिडेशन होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते पेरॉक्साइड मोडणारं विकर, कॅटालेज, घालून प्रयोग पुन्हा कर. परिणाम नाहीसा झाला, तर तो ‘क’चा नव्हता, पेरॉक्साइडचा होता.

उंदरांच्या खाद्याच्या पिशवीवरच्या आकड्यावरही विसंबू नकोस. धान्यापासून केलेल्या तयार खाद्यात दर खेपेला सेलेनियम, जस्त, फोलेट कमीजास्त होतं. पुढे माणसांत लोह तपासशील तेव्हा लोहाचा साठा सांगणाऱ्या फेरिटिनबरोबर दाह सांगणारं सीआरपीही बघ. शरीरात दाह असला की फेरिटिन चढतं आणि कमतरता झाकली जाते. मोज गं, आधी मोज.

हा म्हातारीचा किरकिरेपणा वाटत असेल, तर फिनलंडची चाचणी आठव. रक्तात बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं) जास्त असलेल्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसत होता. म्हणून धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅमची गोळी दिली. जेवणातून सहसा गाठली जात नाही अशी पातळी रक्तात आली. १९९४ साली निकाल लागला: गोळी घेणाऱ्यांत तो कॅन्सर १८ टक्के जास्त.

या हट्टापायी मला संथ म्हणाले. अनुदान देणारे विचारायचे, वर्षभर नुसतं खाद्यच तपासलंत का? हो, तपासलं. काही चांगली मुलं कंटाळून दुसऱ्या गटात गेली, त्यांची हळहळ आजही वाटते. त्यांचे लेख माझ्या आधी छापून आले, हेही ठाऊक आहे. तरी खाद्य तपासल्याशिवाय एकही पिंजरा भरू द्यायचा नव्हता, आणि मी दिला नाही. असो. हे तुला कशाला सांगत बसले!

विषय बदलू नकोस. ‘क’ बनवायला लागणारं गुलो जनुक निकामी केलेले उंदीर स्वतः ‘क’ बनवत नाहीत. पिण्याच्या पाण्यातलं प्रमाण बदललं की त्यांची पातळी तुझ्या हातात राहते. त्यांच्याबद्दल तुझ्या गाइडशी बोल. पण त्याआधी फ्रीझरमधले नमुने. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, वेगळा केल्यावर लगेच ‘क’ टिकवणाऱ्या मेटाफॉस्फोरिक आम्लात घातला होतास ना? नसेल, तर त्यातलं ‘क’ केव्हाच उडालं असणार. नवे नमुने घे, मोज आणि नुसते आकडे पाठव. अर्थ मागाहून लावू.