किनाऱ्यावरचं प्लास्टिक तीन वर्षांत निम्मं करायचं, तर पंचायतीने उद्दिष्ट कसं ठरवावं?

निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं, ते आधी ठरवा. 100 मीटरचा एकच पट्टा पक्का करा, दोन्ही टोकांचं जीपीएस लिहून ठेवा. पाण्याच्या कडेपासून मागच्या झाडीपर्यंत 2.5 सेंटिमीटरहून मोठी प्रत्येक वस्तू मोजून उचला. वर्षातून चारदा, ओहोटीला. वजनावर जाऊ नका; वाळूने भरलेलं एक ओलं जाळं ढीगभर बाटल्यांना भारी पडतं. एखाद्या वादळी दिवसाने आकडा फुगू नये म्हणून सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, धरा.

गोव्यात खरी गफलत ऋतूची. पावसाळ्यात मांडवी, झुवारी कचरा वाहून आणतात आणि लाटा तो पुळणीवर फेकतात. ऑगस्टशी फेब्रुवारीची तुलना केलीत तर काहीही न करता उद्दिष्ट 'गाठलं' जाईल! ऑगस्ट ऑगस्टशीच ताडा. आदल्या दिवशी सफाई झाली असेल तर तेही नोंदवा.

मग प्रकारवार फोड करा. स्ट्रॉ, कप शॅकवाल्यांशी, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळवाल्यांशी, बोलून घटतील. जाळ्यांचे तुकडे रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे) आणि ट्रॉलरवाल्यांना सोबत घेतल्याशिवाय नाही. दोघांना एकच टक्केवारी लावू नका. युरोपीय संघाची मर्यादा 100 मीटरला 20 वस्तू आहे, पण पहिल्याच वर्षी ती धरू नका.