शेतकरी आत्महत्येचा धोका आधीच ओळखणारं सर्वेक्षण किंवा ॲप गावात उपयोगी पडेल का?

ॲपचं नंतर. मी यवतमाळ जिल्ह्यात आशा सेविका आहे, खचलेले शेतकरी शोधायच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पाचे फॉर्म घेऊन घरोघर फिरलेली. झोप लागते का, जेवण जातं का, कर्ज किती. २०१७ च्या बोंडअळीच्या साली शेजारच्या भाऊंनी सगळ्यालाच "बरं हाये वहिनी" म्हटलं. मीही तसंच लिहून टाकलं.

आठ दिवसांनी ते पावसाळ्यात नेलेला आमचा डवरा, म्हणजे कोळपं, परत द्यायला आले. माती धुतलेली, पासेला तेल लावलेलं. आमच्याकडे मागितल्याशिवाय वस्तू परत येते का कधी? वर म्हणाले, दुकानातली चाळीस रुपयांची उधारीही देऊन आलो. माझ्या पोटात गोळाच आला. ओट्यावरच विचारलं, "भाऊ, जीव द्यायचं मनात येते का?"

बराच वेळ दांडीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "येते. पोराले नोका सांगू."

पोराला नाही सांगितलं, त्यांच्या बायकोला सांगितलं. फवारणीची औषधं ठेवलेल्या खोलीची किल्ली मागून घेतली. दुसऱ्या दिवशी एसटीने जिल्ह्याच्या दवाखान्यात. सहा महिने गोळ्या चालल्या. आज त्यांची नात माझ्याकडे लसीला येते.

माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, आत बसून ऐकत होते. अजूनही भांडतात, "अशानं नसलेलं डोक्यात भरते." नाही भरत! आम्हाला प्रशिक्षणातही हेच सांगितलं होतं. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो.

सरकारी नोंद माणूस गेल्यावर जागी होते. लाखाची मदत द्यायची तर सातबारा कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या बँकेचं, मग पात्र की अपात्र. ठेक्याने वाहणारा आणि बिनपरवाना सावकाराचा देणेकरी तिथेही बाहेरच. तुमच्या ॲपमध्ये कर्जाचा रकाना असेल, धुतलेल्या डवऱ्याचा कुठून असणार?

फॉर्म अगदीच वाया जात नाही म्हणा, दारूपायी खचलेले दोघे मला त्यातूनच सापडले. रात्री-अपरात्री १४४१६ लावा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि विचारलं की सगळे सांगतातच असंही नाही. पुढे एका घरी मी असंच विचारलं, ते हसून "छे" म्हणाले. पंधरवड्यात गेले. भासरे दर वेळी तेच घर माझ्यापुढे करतात. त्या घरी मी किल्ली मागितली नव्हती.