टायरचा प्रश्न, कर्जाचं उत्तर

प्रश्न : माझं वय ३४. घरी पत्नी आणि चार वर्षांची मुलगी, कमावणारा मी एकटा. दोन वर्षांपूर्वी एसयूव्ही घेतली. आता तिचे २३५/६५ आर १७ हे कंपनीचे टायर काढून २६५/७० आर १७ चे चिखलाचे (एमटी) टायर, नव्या रिम आणि गाडी उंच करणारं दोन इंची लिफ्ट किट बसवायचं आहे. दुकानदार म्हणतो की गाडी रस्ता जास्त धरेल, ॲव्हरेज जेमतेम अर्ध्या किलोमीटरने कमी होईल आणि विकताना किंमतही चांगली येईल. बँक गाडीच्या कर्जावर सहा वर्षांसाठी १२ टक्क्यांनी टॉप-अप द्यायला तयार आहे. त्याच्या हप्त्यासाठी एसआयपी बंद करू का, एवढंच विचारायचं आहे. यंदा बोनस दुप्पट होईल अशी ऑफिसात चर्चा आहे, आणि कर्जासोबत घेतलेली पॉलिसी आहेच. टायरचं विमा कंपनीला कळवायची गरज नाही ना?

(वाचकाने रकमा छापू नयेत असं कळवलं आहे. म्हणून हातात पडणारा महिन्याचा पगार १०० धरून बाकी सगळे आकडे त्या मापात दिले आहेत.)

उत्तर : एसआयपी बंद करू नका, टॉप-अप घेऊ नका, आणि विमा कंपनीला न कळवता गाडीत असा बदल तर अजिबात करू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. पण तुम्ही सोबत पाठवलेले कागद पाहिल्यावर टायर हा विषय मागे पडतो.

तरी टायरचं आधी उरकू, कारण दुकानदाराने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

२३५/६५ आर १७ टायरचा व्यास साधारण ७३७ मिलिमीटर असतो, २६५/७० आर १७ चा ८०३. फरक ६६ मिलिमीटरचा, म्हणजे नऊ टक्के. व्यास तीन टक्क्यांपर्यंत बदलला तर गाडी सांभाळून घेते. तुम्ही त्याच्या तिप्पट पुढे निघाला आहात. आणि एवढं करून टायरमुळे गाडीचं पोट जमिनीपासून किती उचललं जाणार? निम्मं, ३३ मिलिमीटर. दोन बोटांची रुंदी.

नऊ टक्क्यांमुळे काय काय होतं ते बघा. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. ओडोमीटर १०० किलोमीटर दाखवेल तेव्हा गाडी १०९ चाललेली असेल. वेगाचा काटा मुळात थोडा चढा दाखवतो, त्यामुळे तो १०० वर असताना खरा वेग १०५ ते १०९ च्या मध्ये कुठेतरी असेल. दहा हजारांची सर्व्हिस प्रत्यक्षात जवळजवळ अकरा हजारांवर होईल.

इंजिनाच्या दृष्टीने हे सगळे गिअर नऊ टक्के उंच केल्यासारखं आहे. चाकाशी पोचणारा जोर आठ टक्क्यांनी घटतो, चढावर गाडी लवकर खालचा गिअर मागते. ‘आरपीएम कमी लागतो म्हणजे इंधन वाचतं’ असं जे सांगतात ते हीच गोष्ट सोयीस्कर विसरतात. ब्रेकचंही तेच. डिस्क तीच, कॅलिपर तेच, पण चाकाची त्रिज्या वाढली. त्यामुळे पायाने तेवढाच दाब दिला तर जमिनीवर मिळणारा रोध आठ टक्के कमी. वर एकेका चाकाचं वजन सात ते दहा किलोने वाढतं, आणि ते वाढतं अगदी कडेला, जिथे फिरवायला आणि थांबवायला सगळ्यात जड जातं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं असल्यामुळे खड्ड्यावरून गेल्यावर चाक रस्त्यावर परत टेकायला उशीर करतं. शॉकॲब्सॉर्बर, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग हे सगळे जुन्या वजनासाठी बनवलेले आहेत.

‘रस्ता जास्त धरेल’ हे चिखलात खरं आहे. डांबरावर उलट. एमटी टायरच्या गोट्या, म्हणजे रबराचे उंच ठोकळे, मोठ्या, मधल्या फटी रुंद, त्यामुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि वळणावर त्या गोट्या लवतात. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळते. ओल्या डांबरावर थांबायला अंतर जास्त लागतं. बऱ्याच एमटी टायरवर वेगाचं अक्षर ‘क्यू’ असतं, म्हणजे कमाल १६० किलोमीटर. तुमच्या आत्ताच्या टायरवर ‘एच’ आहे, २१०. त्या वेगाने तुम्ही चालवणार नाही हे मान्य, पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं. लिफ्ट किटचे ५० आणि टायरचे ३३ मिळून गाडी आठ सेंटिमीटर वर जाते. गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरला आणि चाकांमधलं अंतर तेवढंच ठेवलं, तर उलटण्याविरुद्धची स्थिरता दहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. बाहेर निघालेल्या रिम घेतल्या तर अंतर थोडं वाढतं, पण मग बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं. लिफ्ट न करता हे टायर बसवले तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासतात. म्हणून तर तुम्हाला किट विकलं जातंय.

आता ॲव्हरेज. तुमची गाडी १२ देते. एमटी टायर, वाढलेलं वजन आणि उंचीमुळे अंगावर घेतली जाणारी हवा मिळून १० ते १५ टक्के फटका धरावा. समजा १०.३ झालं. मीटर कमी अंतर मोजत असल्यामुळे तुम्हाला ते साडेनऊ दिसेल आणि तुम्ही दुकानदाराशी भांडायला जाल. तेव्हा तो म्हणेल, मीटरची चूक आहे. निम्मं खरं बोलेल. वर्षाला १८ हजार किलोमीटर म्हणजे आज १५०० लिटर, पुढे १७५०. इंधनाला महिन्याला १४ जातात, ते सव्वासोळा होतील.

टॉप-अप १३० चा. सहा वर्षांचा हप्ता अडीच, एकूण परतफेड १८३. अडीच हप्त्याचे आणि सव्वादोन इंधनाचे मिळून पावणेपाच. तुमची एसआयपी पाचची आहे. म्हणजे एसआयपी जवळजवळ अख्खी टायरमध्ये जाते, आणि तीही फक्त आजच्या हिशोबाने. एमटी टायर डांबरावर ५० हजार किलोमीटर चालले तर भरपूर झालं. तुमच्या वापराने ते तीन वर्षांच्या आत संपतील. टॉप-अपचे निम्म्याहून जास्त हप्ते तेव्हा बाकी असतील, आणि तुम्ही पुढच्या पाच टायरसाठी पैसे शोधत असाल. पाच म्हणतो, कारण स्टेपनीही त्याच मापाची लागते. चारचाकी ड्राइव्हमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचं लावून लांब चालवलं तर डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) मार खातो. आणि हे कशासाठी? तुम्हीच लिहिलंय, कच्चा रस्ता वर्षातून चार-पाच वेळा, मिळून सहाशे किलोमीटर. १८ हजारांतले सहाशे.

विकताना किंमत वाढते हे तर विसराच. बदललेल्या गाडीला गिऱ्हाईक कमी, आणि जे येतं ते गाडी कशी वापरली असेल याचा अंदाज बांधूनच येतं.

आता तुम्ही न विचारलेलं.

गाडी १५०० ची होती, कर्ज १६०० चं आहे. डाउन पेमेंट शून्य, आणि वरचे १०० म्हणजे ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि त्या ‘सोबतच्या’ पॉलिसीचा पहिला हप्ता. विम्याचा हप्ता साडेनऊ टक्क्यांनी आठ वर्षांच्या कर्जावर! हे ज्याने सुचवलं त्याला तुमच्या घराशी काही देणंघेणं नव्हतं, आणि तुम्ही सही केलीत.

महिन्याचा हप्ता २४. दोन वर्षं भरून झाल्यावर शिल्लक कर्ज १३०५. गाडीच्या विम्याच्या कागदावर गाडीची किंमत लिहिली आहे ९६०. ही दोन कागदं शेजारी ठेवून तुम्ही कधी पाहिलीत का? गाडी उद्या चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त ९६० देणार, तेही बँकेच्या हातात. उरलेले ३४५ तुमच्याकडून. साडेतीन महिन्यांचा पगार, आणि दारात गाडी नाही. बँकेत तुमची शिल्लक आहे ४०.

गाडी विकून मोकळं होणंही आज तुमच्या हातात नाही. विकलीत तरी तीनशेच्या वर पदरचे घालावे लागतील. अशा गाडीवर आणखी १३० चं कर्ज घेतलं की खड्डा ४७५ चा होतो, कारण टायर-रिमचे पैसे गाडीच्या विमा किमतीत आपोआप मिळवले जात नाहीत.

आता ‘विमा कंपनीला कळवायची गरज नाही ना’ हे वाक्य पुन्हा वाचा. उत्पादकाने ठरवलेल्या मापाच्या बाहेरचे टायर आणि लिफ्ट किट हा गाडीतला बदल आहे. तो न कळवता मोठा दावा केलात तर कंपनीच्या हाती नकार द्यायला किंवा रक्कम कापायला आयतं कारण दिलंत. तेव्हा प्रश्न ३४५ चा राहत नाही, १३०५ आणि वर टॉप-अप असा होतो. सस्पेन्शन आणि ड्राइव्हशाफ्टच्या वॉरंटीवरही हाच वाद होईल, आणि त्या वाढीव वॉरंटीचे पैसे तुम्ही व्याजासकट भरताय.

पॉलिसीबद्दल. वर्षाला ६०, पंधरा वर्षं, म्हणजे भरणार ९००. शेवटी १४०० मिळतील असं एजंटने लिहून दिलंय आणि ‘दीडपटीहून जास्त’ या शब्दांवर तुम्ही खूश आहात. हिशोब केला तर हा परतावा साडेपाच टक्क्यांच्याही खाली येतो. साडेनऊने कर्ज घ्यायचं आणि साडेपाचने पैसे ठेवायचे, हा उद्योग बँकेसाठी चांगला आहे. याहून वाईट म्हणजे त्यात विमा किती? ६००. सहा महिन्यांचा पगार. तुम्ही गेलात तर त्यातून गाडीचं निम्मं कर्जही फिटत नाही, मुलीचं तर सोडाच. जिच्या जोरावर टायर घ्यायला निघालात ती ही पॉलिसी.

क्रम असा ठेवा, आणि क्रम मोडू नका. आधी साधी टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी), दहा वर्षांच्या पगाराएवढी, म्हणजे १२,००० ची. तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल तर तुमच्या वयाला महिन्याला एक-दीडच्या आसपास पडावी. अर्जात काही लपवू नका. ती हातात पडल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आज बंद केली तर हातात काय येईल) आणि पेड-अप व्हॅल्यू (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर काय उरेल) दोन्ही लेखी मागवा. तोंडी आकडा घेऊ नका, एजंटकडून तर नकोच. सरेंडरमध्ये आज फारसं मिळत नसेल तर हप्ते थांबवून पेड-अप करता येते का पाहा. भरलेले पैसे बुडतील म्हणून पुढचे बारा-तेरा हप्ते भरत बसणं हा जुना सापळा आहे.

जुन्या पॉलिसीचे महिन्याचे पाच वाचले आणि त्यातून टर्मचे दीड गेले की साडेतीन सुटतील. त्यातले तीन कर्जाच्या हप्त्यात वाढवा. २४ ऐवजी २७ भरले तर उरलेले ७२ महिने साधारण ६२ वर येतात. वाढीव रक्कम मुद्दलातून वजा होते आहे आणि मुदत कमी होते आहे, हे बँकेकडून लेखी घ्या. काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्याचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहते. मुदतीआधी फेडण्याचं शुल्क असेल तर तेही आधी विचारा.

बोनस दुप्पट होणार आहे ही चर्चा आहे, पगारपत्रक नाही. जो येईल तो सगळा बँकेतल्या त्या ४० मध्ये टाका, निदान २५० होईपर्यंत. दोन-तीन वर्षं लागतील. गाडीच्या विम्याचं नूतनीकरण येईल तेव्हा विमा किंमत आणि खरेदी किंमत यातला फरक भरून देणारं जोड-कव्हर तुमच्या गाडीच्या वयाला मिळतं का ते विचारा. मिळत असेल तर घ्या. तुमच्या बाबतीत तरी ते वायफळ नाही.

आणि टायर? आत्ताच्या टायरच्या खाचा मोजा. तीन मिलिमीटरच्या खाली आल्या की २३५/६५ आर १७ याच मापात एटी टायर (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) घ्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळचाच किंवा त्याहून जास्त हवा. मीटर बरोबर राहील, स्टेपनी चालेल, विम्याचा प्रश्न येणार नाही आणि ॲव्हरेज थोडंसंच उतरेल. एलटी (हलक्या ट्रकसाठीच्या) प्रकारचे घेतलेत तर दरवाज्यावरच्या स्टिकरवरची हवा पुरत नाही, तेवढ्याच वजनाला जास्त लागते. टायर उत्पादकाचा तक्ता पाहून भरा. दर आठ-दहा हजार किलोमीटरनी चाकं आलटून-पालटून लावा, नाहीतर गोट्या करवतीसारख्या झिजून आवाज करायला लागतात.

तोपर्यंत कच्च्या रस्त्यासाठी हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज पुरेल. मऊ वाळूत किंवा चिखलात शिरण्याआधी हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, वेग तीसच्या आत ठेवा, झटक्याने वळू नका. डांबराला लागण्याआधी परत भरा, कारण कमी हवेत वेगाने पळवलं की टायरची बाजू तापून फाटते.