विचारणारे कोणी नसते तेव्हा

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. वर्गात शिकवलेले सगळे समजते, घरी पुस्तक उघडले की तेही ओळखीचे वाटते, पण चाचणीचा कागद पुढे आला की एक ओळ सुचत नाही, असे तू लिहिले आहेस. वाचून काळजी वाटली, आश्चर्य मात्र वाटले नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाशिकला आलेल्या कितीतरी मुलामुलींची हीच तक्रार असते आणि तिचे कारण बुद्धीत नसते. बारावीपर्यंत तुला कोणी ना कोणी सतत विचारत होते. शाळेत तोंडी परीक्षा होती, क्लासमध्ये ठरावीक दिवशी टेस्ट होती आणि घरी ‘कुठवर आले?’ हा प्रश्न होता. कॉलेजात हे विचारणे एकदम थांबते. प्राध्यापक शिकवून जातात, सत्र पुढे सरकते आणि पहिला खरा प्रश्न थेट परीक्षेत समोर येतो. म्हणून विचारण्याचे ते काम आता तू स्वतःकडे घ्यावेस, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

तू सध्या धडा तीन-चार वेळा वाचतेस आणि महत्त्वाच्या ओळी रंगीत पेनने अधोरेखित करतेस. त्यात मेहनत आहे, पण त्या मेहनतीचे फळ थोडे आहे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळख पटली म्हणजे आठवले, असा समज होतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार फेऱ्यांत वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकाच फेरीत वाचून पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. शिवाय, आपल्याला चांगले आठवेल असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही, आठवड्यांनी आणि महिन्यांनी होते, हे लक्षात घेतलेस तर या प्रयोगाचे मोल तुला कळेल.

हे प्रत्यक्षात कसे करायचे, ते तुझ्याच विषयावर दाखवतो. समज, रसायनशास्त्रात ऊष्मागतिकीचा पहिला नियम, म्हणजे उष्णता आणि कार्य यांच्या देवाणघेवाणीत एकूण ऊर्जा कायम राहते हा नियम, शिकवला. त्याची तीन-चार पाने एकदा नीट वाच आणि पुस्तक मिटून बाजूला ठेव. पाठकोऱ्या कागदावर आधी नियम तुझ्या शब्दांत लिही. मग स्वतःला विचार की वायू प्रसरण पावताना त्याने केलेल्या कार्याचे चिन्ह धन धरायचे की ऋण. इथे अनेकांची गाडी अडते, कारण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात बहुधा वायूने केलेले कार्य धन धरलेले असते आणि रसायनशास्त्रात वायूवर केलेले कार्य धन धरतात. दोन्ही सूत्रे बरोबर असतात, पण त्यांची सरमिसळ झाली की गणित चुकते. पुढे विचार की तापमान स्थिर ठेवून आदर्श वायूचे प्रसरण केले तर अंतर्गत ऊर्जेत बदल का होत नाही. उत्तर आले नाही तरी लगेच पुस्तक उघडू नकोस, दोन-तीन मिनिटे आठवण्याची धडपड कर. मग पुस्तक उघडून ताडून पाहा आणि जे सुटले ते वेगळ्या शाईने त्याच कागदावर भर. त्या वेगळ्या शाईच्या ओळी हाच तुझा पुढचा अभ्यास होय. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि त्यानंतर पंधरवड्याने तेच प्रश्न पुन्हा घे. दर वेळी वेळ कमी लागेल. पहिले काही दिवस हे जड जाईल आणि आपल्याला काहीच येत नाही असे वाटून डोळ्यांत पाणीही येईल, पण त्या वाटण्यावर विश्वास ठेवू नकोस. आठवताना होणारा त्रासच ते पक्के करत असतो.

आता वेळेविषयी. सिन्नरहून जाऊन-येऊन रोजचे तीन तास बसमध्ये जातात आणि म्हणून अभ्यासाला वेळच उरत नाही, असे तुझे म्हणणे आहे. आपण तो हिशेब मांडून पाहू. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाचे ४० क्रेडिट म्हणजे १२०० तासांचे शिक्षण, आणि त्यात तासिका, प्रात्यक्षिके व स्वतःचा अभ्यास हे सगळे धरलेले आहे. एका सत्राचे ६०० तास साधारण १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४० तास येतात. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यातून रोजच्या आठ तासांच्या झोपेचे ५६, अभ्यासाचे ४० आणि सहा दिवसांच्या प्रवासाचे १८ वजा केले, तरी ५४ तास उरतात. जेवण, घरकाम, विश्रांती यांत त्यांतले बरेच जातील, हे मला ठाऊक आहे. पण वेळ नाही, असे मात्र नाही. तो तुकड्यातुकड्यांत विखुरलेला आहे आणि कोणत्या तुकड्यात काय करायचे हे आधी ठरलेले नसल्यामुळे हातातून निसटतो. रविवारी संध्याकाळी वहीच्या एका पानावर येणाऱ्या आठवड्याचे तास मांड. मात्र ‘रसायनशास्त्र वाचणे’ असे मोघम न लिहिता ‘पहिला नियम, न बघता लिहून पाहणे’ असे नेमके लिही. पुढच्या रविवारी तेच पान उघडून काय झाले आणि काय राहिले ते स्वतःला विचार. राहिलेल्याचे वाईट वाटून घेऊ नकोस, फक्त कारण लिही.

बसचा वेळही सगळाच वाया जातो असे नाही. हलत्या गाडीत वाचू नये, डोके दुखते आणि उभ्याने ते जमतही नाही. पण आठवायला पुस्तक लागत नाही. सकाळी बस नाशिकरोड सोडून द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलेली असते, तेव्हा कालच्या प्रत्येक तासाला काय शिकवले ते मनातल्या मनात स्वतःला सांग. जे आठवले नाही, ते कॉलेजात पोहोचल्यावर वहीत पाहा. संध्याकाळच्या प्रवासात मात्र मनाला मोकळे सोड. दिवसभराची प्रात्यक्षिके उभ्याने करून थकलेल्या मुलीने परतीच्या बसमध्येही अभ्यास करावा, असे मी कधीच म्हणणार नाही.

एक नाजूक गोष्ट लिहितो. घरी पोहोचल्याबरोबर स्वयंपाकघरात हात लावावा लागतो, असे तू ओझरते लिहिले आहेस. आईला मदत करणे चांगलेच आहे, पण तुझ्या धाकट्या भावालाही दोन हात आहेत. आठवड्याचे ते पान आईबाबांना दाखव आणि रात्रीचा दीड तास अभ्यासासाठी राखून ठेवण्याची विनंती स्पष्ट शब्दांत कर. अभ्यास किती आहे हे घरच्यांना कोणी सांगितलेलेच नसते. सांगितल्यावर बहुतेक आईवडील ऐकतात. गरज वाटली तर मी स्वतः तुझ्या बाबांशी बोलेन.

वर्गातल्या टिपणांबाबत एवढेच सांगतो की सरांचे प्रत्येक वाक्य उतरवण्याच्या नादात समजून घेणे राहून जाते. पानाच्या डाव्या बाजूला रुंद समास सोड आणि त्याच दिवशी, सगळे ताजे असताना, त्या समासात प्रश्न लिही. उत्तर उजवीकडे आहेच, ते झाकले की उजळणीची वही तयार झाली. कॉलेज रोडवर तयार नोट्सच्या झेरॉक्स सहज मिळतात. त्या संदर्भाला जवळ असू देत, पण दुसऱ्याने मांडलेल्या प्रश्नांवर तुझा अभ्यास उभा राहणार नाही. मराठी माध्यमातून आल्यामुळे इंग्रजीत उत्तर लिहायची भीती वाटते, ती मी समजू शकतो. संकल्पना आधी स्वतःला मराठीत समजाव, त्यात काही लाज नाही, आणि मग तेच उत्तर पाच-सहा सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहायचा सराव कर. अडलेला प्रश्न घेऊन स्टाफरूममध्ये जा. ‘सर, मला हे समजले नाही’ यापेक्षा ‘सर, मी इथपर्यंत आले आणि इथे अडले’ असे म्हणशील तर कोणताही चांगला शिक्षक हातातले काम ठेवून तुला वेळ देईल.

प्रात्यक्षिकाची जर्नल त्याच आठवड्यात पूर्ण करून सही घे. सत्राच्या शेवटी सगळ्या जर्नल एकदम लिहिण्यात अभ्यासाच्या रात्री जातात. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस. मोबाइल अभ्यासाच्या वेळी दुसऱ्या खोलीत असावा. टेबलावर पालथा ठेवून भागत नाही. झोप तोडू नकोस, कारण दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेत चालते. अभ्यासिकेत नाव घालावे का, असे तू विचारले आहेस. मोकळ्या तासांना कॉलेजचे ग्रंथालय पुरेसे आहे. घरी जागाच मिळत नसेल तर अभ्यासिकेचा जरूर विचार कर, पण तिथे किती तास बसलो हे मोजण्यापेक्षा न बघता किती लिहिता आले ते पाहा. अवांतर वाचनासाठी नाशिकच्या ‘सार्वजनिक वाचनालया’ची सभासद मात्र नक्की हो. १८४० पासून नाशिककरांना वाचायला देणारी ती संस्था आहे.

आता लगेच करण्यासारखे एक काम सांगतो. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घे, ग्रंथालयात मागच्या प्रश्नपत्रिका मिळतात का ते विचार आणि जो भाग शिकवून झाला आहे त्यावरचे दोन प्रश्न येत्या शनिवारी घड्याळ लावून सोडव. उत्तरे जशी येतील तशी, खाडाखोडीसकट, मला पाठव. मी तपासून परत पाठवीन, आणि कुठे अडतेस ते पाहून पुढच्या पत्रात त्याविषयीच लिहीन.

तुझे सर