रत्नागिरीच्या आमच्या कौलारू घराच्या माळ्यावर रात्री आवाज येतो. गव्हाणी घुबड की कांडेचोर, कसं ओळखायचं?

पावलांची धावपळ ऐकू येत असेल आणि कौलं सरकलेली दिसत असतील तर तो बहुतेक कांडेचोरच, म्हणजे उदमांजर. गव्हाणी घुबडाच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असतात, त्यामुळे ते उडताना आवाज जवळपास होत नाही. दोन ते पाच किलोंचं कांडेचोर मात्र वाशांवरून चाललं की घरभर कळतं. घुबड असेल तर चिरका आवाज येतो, आणि पिल्लं असतील तर फूत्कारासारखा. लोक त्याला साप समजून घाबरतात.

पक्का पुरावा हवा असेल तर दिवसा बॅटरी घेऊन माळा बघा. घुबड उंदीर बहुधा अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळ्यांच्या रूपात ओकून टाकतं. असा करडा, सुका गोळा फोडला की आत उंदराची कवटीसुद्धा मिळते. सोबत भिंतीवर चुन्यासारखे पांढरे ओघळ. कांडेचोराच्या विष्ठेत बिया दिसतात, भेरली माडाच्या तर हमखास.

फक्त नुसत्या केसांवरून ठरवू नका, कारण कांडेचोरही उंदीर खातं.

दोन्ही प्राण्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पिल्लं असतील तर ती मोठी होऊन निघून जाईपर्यंत कृपया भोक बुजवू नका, आत अडकून मरतील. विष तर अजिबात ठेवू नका: विष खाल्लेला उंदीर या दोघांनाही मारतो. अडचण असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.