स्क्रॅबलसाठी अवघड इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करावेत का? आणि यू नसताना क्यू हातात आला तर काय करायचं?

शब्द पाठ करा, अर्थ राहू द्या. झालं उत्तर. पण तुमचं ते "अर्थासकट" वाचलं आणि माझी खपली निघाली, म्हणून आता सगळंच सांगतो.

माझी ताई लग्न होऊन पुण्याला गेली. भावोजी कॉन्व्हेंटचे, इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं थेट पेनाने सोडवणारे. मी मराठी मीडियम, पालघरकडचा, सातपाटीचा. दिवाळीत त्यांच्याकडे जेवणं उरकली की स्क्रॅबलचा डबा निघायचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल बोर्डावर लावून शब्द जुळवायचा खेळ, आणि मी कॅट, रॅट, सन असलं काहीतरी लावून दरवर्षी शेवटचा यायचो. त्यात भावोजींचा एक घरचा नियम, शब्द लावलात की अर्थ सांगा, नाही सांगता आला तर टाइल उचला. हा नियम डब्यातल्या कागदावर कुठेही नाही बरं का, पण घर त्यांचं, डबा त्यांचा, बोलणार कोण.

तर एका वर्षी माझ्या रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल ठेवायच्या पट्टीवर, काय आलं, बी, यू, दोन एम, ए, एल, ओ. अख्ख्या डब्यात एम दोनच असतात, दोन्ही माझ्याकडे. मी नुसता बघत बसलो, कारण हा शब्द मी पाहिलेला होता. आमच्याकडे मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात माशांचा एक जुना तक्ता टांगलेला असायचा, त्यात बोंबलाच्या चित्राखाली इंग्रजीत बमालो लिहिलेलं, लहानपणी आम्ही पोरं ते मोठ्याने वाचून हसायचो. बोर्डावर पेन हा शब्द उभा पडला होता. त्याच्या डोक्यावर माझा शेवटचा ओ बसला की त्याचा ओपन होतो आणि माझा बमालो आडवा. सातही टाइल एकदम गेल्या म्हणजे ५० बोनस, शब्दाचे १३, ओपनचे ६, बोर्डावरची गुण वाढवणारी रंगीत घरं धरलीच नाहीत तरी ६९. आयुष्यातला पहिला बिंगो.

भावोजी म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "बोंबील."

सगळे इतके हसले की भाचीला ठसका लागला. "मग सुरमई पण लाव की, रवा लावून," हे भावोजी. मी म्हटलं अहो इंग्रजी शब्द आहे, तक्त्यावर वाचलाय. मग डिक्शनरी आली, भाचीची शाळेतली, खिशात मावेल एवढी. त्यात बम होतं, बंप होतं, मधे बम्बलबी पण होती, बोंबील नव्हता. टाइल उचलल्या, पाळी गेली. हरण्याचं काही नाही, पण ताईसुद्धा हसत होती. जिच्या हातचे कुरकुरीत बोंबील खाऊन मी वाढलो ती.

पुढे कितीतरी वर्षांनी फोनवर कॉलिन्सची स्क्रॅबलची यादी चाळत होतो, भारतात टुर्नामेंट त्याच यादीवर खेळतात, सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. बमालो आहे त्यात. नंतर मोठ्या डिक्शनरीत बघितलं तर उगम मराठी, आपला बोंबीलच. म्हणजे मी इंग्रजीत मराठी घुसवत नव्हतो, साहेब आधीच घेऊन गेला होता. मंगूस पण तसाच गेलाय आपल्याकडून, पोर्तुगीजांच्या मार्फत. मी स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. भावोजींचं उत्तर, "त्या दिवशीच्या डिक्शनरीत नव्हता. नियम म्हणजे नियम." आणि एक अंगठा.

बरं, नियमाचंच बोलू. स्क्रॅबलमध्ये अर्थ कोणी विचारत नाही. समोरच्याने चॅलेंज केलं तर शब्द यादीत आहे की नाही एवढंच बघतात. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, फ्रेंच बोलता येत नसताना, नुसती यादी पाठ करून. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच केलं. त्याला आमच्या भावोजींच्या हॉलमध्ये बसवला असता तर पहिल्याच शब्दाला टाइल उचलाव्या लागल्या असत्या.

आता तुमचा क्यू. पहिला शब्द क्यू-आय, ची, चिनी लोकांची ती प्राणशक्ती, एकटा हा शब्द निम्म्या वेळा वाचवतो. बाकीचे तुम्हाला आधीच येतात, फक्त स्पेलिंग बघा. तलाक, निकाब, बुरखा, फकीर, कादी म्हणजे आपला काझी, कोर्मा, हे सगळे यू न लावता नुसत्या क्यूने लिहिलेले कॉलिन्समध्ये चालतात. कव्वालीसुद्धा, ती तर सात अक्षरांची आहे, दोन्ही डब्ल्यू मिळायला नशीब पाहिजे एवढंच. इंग्रजी माणसाला हे शब्द घोकावे लागतात, आपण ते ऐकत वाढलो. डाळ एकाहून जास्त स्पेलिंगने चालते, तूप दोन, एकात शेवटी दोन ई आणि एकात नुसता आय.

दोन अक्षरी आधी पाठ करा, शंभराच्या वर आहेत. डबल ए म्हणजे हवाईतला खडबडीत लाव्हा, एक्स-यू व्हिएतनामचं नाणं, जे-ओ स्कॉटलंडमधली प्रेयसी, झेड-ए म्हणजे पिझ्झा (खरंच), के-वाय म्हणजे स्कॉटिश गाई, झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर. आता वर मी अर्थ सोडा म्हणालो आणि इथे अर्थच सांगत बसलोय, पण माझ्यासारख्याच्या डोक्यात गाय आली की के-वाय आपोआप येतं. नायजेलला लागत नसेल, मला लागतं. तुमचं तुम्ही बघा.

आणि हो, मी सांगितलेले शब्द कॉलिन्सचे. अमेरिकेत यादी वेगळी आहे, त्यामुळे एखाद्या ॲपवर यातला शब्द नाही चालला तर मला शिव्या घालू नका. ओके हा शब्द तर कॉलिन्समध्येही २०१९ पर्यंत चालत नव्हता. खेळायला बसायच्या आधी डिक्शनरी कुठली ते ठरवून घ्या, बाकी सगळं नंतर.

आमच्याकडे आता फोनवरची कॉलिन्स चालते. अर्थाचा नियम भावोजींनी अजून काढलेला नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी झेडवर तिप्पट घर साधून झेड-ओ लावला, मी विचारलं, "अर्थ?" ते छताकडे बघत बसले. मग उचलल्या टाइल.